अदृश्य सभेंतील आपलें वर्तन

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या व्यवस्थापक मंडळानें आम्हांस आज जो विषय नेमून दिला आहे तो असा कीं, मोबाइल व संगणक यांच्या योगानें हल्लीं ज्या मंडळ्या जमतात, त्यांमध्यें सभ्य व प्रामाणिक माणसानें कसें वागावें. विषय प्रथम कानीं पडला तेव्हां आमच्या मनांत आलें कीं, यांत निराळें सांगण्यासारखें तें काय असणार? जो घरीं सभ्य तो दारींहि सभ्य. परंतु थोडा विचार करतां असें दिसून आलें कीं, प्रकरण इतकें सरळ नाहीं. बाजारांत भेटलीं असतां जीं माणसें एकमेकांची आस्थेनें विचारपूस करतात, तींच माणसें रात्रीं दहा वाजतां मोबाइल हातीं घेऊन एकमेकांच्या अंगावर धांवून जातात, आणि सकाळीं पुन्हां बसथांब्यावर शेजारीं शेजारीं उभीं राहतात. तेव्हां माणूस वाईट झाला असें म्हणून चालत नाहीं. सभेचें स्वरूप बदललें आहे असें म्हणावें लागतें.

आतां मी आपणांपुढें बोलत आहें असें म्हणण्याऐवजीं आम्ही बोलत आहों असें म्हणतों, याचें कारण इतकेंच कीं, हे विचार एकट्याचे नसून ज्या दोनचार स्नेह्यांबरोबर आम्हीं या विषयाचा खल केला त्यांचेहि आहेत. असो. येथें आम्हांला आपले चेहरे दिसतात. कोणी जांभई दिली तर आम्ही वाक्य आंखडतें घेऊं. कोणाचा चेहरा उतरला तर आपण कांहीं लागेल असें बोललों हें आमच्या तत्काळ ध्यानीं येईल. शिवाय या भिंतींबाहेर आमचा शब्द फारसा जाणार नाहीं, व जो जाईल तो तुमच्या आठवणीच्या चाळणींतून जाईल. त्या दुसऱ्या सभेंत यांपैकीं एकहि गोष्ट नाहीं. तेथें चेहरा दिसत नाहीं, शब्द विरून जात नाहीं, आणि ऐकणारे किती हें बोलणाऱ्याला ठाऊक नसतें. व्हॉट्सॲपच्या एका समूहांत २०२२ सालापासून १,०२४ माणसें राहूं शकतात; आणि त्यांतील प्रत्येकास तोच मजकूर पुढें धाडण्याची मोकळीक आहे.

अशा सभांचे नियम आजकालच्या कोणी शहाण्यानें बसून केले अशी पुष्कळांची समजूत आहे, ती बरोबर नाहीं. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या दोघां विद्यार्थ्यांनीं यूझनेट नांवाची योजना आंखली व पुढील वर्षीं ती चालूं झाली. दूरदूरच्या विद्यापीठांतील माणसें तींत विषयवार लेखी चर्चा करीत. दर सप्टेंबरांत महाविद्यालयांत नवे विद्यार्थी दाखल होत, त्यांना तेथील रीत माहीत नसे, म्हणून महिना दोन महिने गोंधळ माजे. मग जुनीं माणसें त्यांना समजावून घेत आणि पुन्हां घडी बसे. १९९३ पासून व्यापारी कंपन्यांनीं आपल्या सर्व ग्राहकांना हें दार उघडून दिलें, नवागतांचा लोंढा बारा महिने वाहूं लागला, आणि जुन्या मंडळींत एक विनोद रूढ झाला कीं, १९९३ चा सप्टेंबर अद्यापि संपलेला नाहीं. दोन वर्षांनीं, ऑक्टोबर १९९५ मध्यें, या शिष्टाचाराचें एक टिपण प्रसिद्ध झालें. त्यांत नवागताला सांगितलें आहे कीं, कोणत्याहि मंडळींत कांहीं लिहिण्यापूर्वीं एक दोन महिने नुसतें वाचीत राहावें. राग आला असेल तर उत्तर एक रात्र तसेंच ठेवून मग पाठवावें, असेंहि त्यांत आहे. एक दोन महिने! आमच्या ओळखीचीं माणसें समूहांत दाखल झाल्यापासून दोन मिनिटांत फुलांचें चित्र, पांच मिनिटांत सुविचार आणि दहाव्या मिनिटाला राजकारण घालतात.

परंतु या सर्व मंडळ्यांमध्यें ज्या एकीपासून आम्हांस सर्वांत अधिक शिकतां आलें ती म्हणजे विकिपीडिया. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून, म्हणजे महाराष्ट्रदिनापासून, गणला जातो. आपणांपैकीं बहुतेकांनीं तो वाचला असेल, परंतु त्याच्या मागच्या बाजूस काय चालतें हें थोड्यांनींच पाहिलें असेल. प्रत्येक लेखाला दोन सोबती असतात. एक चर्चेचें पान व दुसरें इतिहासाचें पान. लेखांतील कोणता शब्द कोणीं, कोणत्या दिवशीं, किती वाजतां घातला अगर खोडला तें इतिहासांत नमूद राहतें. आणि मतभेद झाला कीं तो चर्चेच्या पानावर सही करून मांडावयाचा असतो. मराठींत या कारभाराला नांवेंहि मोठीं गोड दिलेलीं आहेत. सर्वांनीं मिळून बोलण्याची जागा ती 'चावडी', आणि नवशिक्यानें हात बसावा म्हणून वाटेल तें लिहून पुसण्याची जागा ती 'धूळपाटी'. ज्यानें हीं नांवें शोधलीं त्याला आमच्या आजोबापणजोबांच्या पिढीची शाळा खचित ठाऊक असावी.

तेथील एक रीत विशेष मननीय आहे. दुसऱ्यानें केलेला बदल चुकीचा वाटला, तरी तो त्यानें सद्‌हेतूनें केला असें धरून चालावें. त्याचा दुष्ट हेतु उघड झाल्याखेरीज तसा आरोप करूं नये. यांत भोळेपणा आहे असें कोणी म्हणतील. आम्हांला तसें वाटत नाहीं. चूक दुरुस्त करूं नका असें ही रीत सांगत नाहीं. चूक अवश्य पुसा, परंतु पुसतांना माणसाला चोर ठरवूं नका एवढेंच तिचें म्हणणें आहे. इंग्रजी विकिपीडियावर याच्या जोडीला आणखी एक कायदा आहे कीं, एका पानावरील दुसऱ्याचें लिखाण चोवीस तासांत तीनदांहून अधिक वेळां कोणीं उलटवूं नये. उलटविल्यास त्याला कांहीं काळ लिहिण्याची बंदी होते, मग त्याचा पक्ष खरा असो वा खोटा. हें आरंभीं अन्यायाचें वाटतें. परंतु ज्यानें गांवांतील बांधाचें भांडण पाहिलें आहे, त्याला हें कळेल कीं, खरा पक्षहि तिसऱ्या वेळीं कुदळ घेऊन जातो तेव्हां त्याचा खरेपणा कोणाच्या कामीं येत नाहीं.

आतां प्रामाणिकपणाविषयीं. येथें दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. पहिला २००५ सालचा. जॉन सीगेनथॅलर नांवाचे एक वयोवृद्ध अमेरिकन पत्रकार होते. तरुणपणीं त्यांनीं रॉबर्ट केनेडी यांच्या हाताखालीं काम केलें होतें, आणि केनेडींच्या अंत्यविधीच्या वेळीं त्यांनीं शवपेटीला खांदा दिला होता. त्या वर्षींच्या मे महिन्यांत कोणी एका निनांवी माणसानें विकिपीडियावर त्यांचें चरित्र म्हणून असें लिहून ठेवलें कीं, दोघांहि केनेडी बंधूंच्या खुनांत यांचा हात असावा असा एके काळीं संशय होता. हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. ज्याच्या पेटीला आपण खांदा दिला त्याच्या खुनाचा संशय आपल्यावर! त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं २९ नोव्हेंबर रोजीं वर्तमानपत्रांत लेख लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. पुढें लिहिणारा सांपडला. आपल्या कामावरच्या सोबत्याची थट्टा म्हणून आपण हें लिहिलें, असें त्याचें सांगणें पडलें. त्यानें क्षमा मागितली आणि नोकरीचा राजीनामा दिला. सीगेनथॅलर यांनीं त्याच्यावर फिर्याद केली नाहीं. उलट त्याला पुन्हां कामावर घ्यावें अशी त्याच्या मालकांना विनंति केली. या घटनेनंतर इंग्रजी विकिपीडियानें निनांवी माणसांना नवा लेख सुरू करण्याची मनाई केली. थट्टा करणाऱ्याच्या ध्यानीं हें आलेंच नसेल कीं, त्याचा विनोद ज्याला समजावयाचा तो एकच सोबती होता, आणि वाचणारे मात्र अगणित.

दुसरा प्रसंग अधिक विचारांत पाडणारा आहे, कारण त्यांतील माणूस मवाली नव्हता. तो विकिपीडियाचा मोठा कष्टाळू सेवक होता, व त्याच्या हातीं कारभाऱ्याचे अधिकार होते. त्यानें आपली ओळख अशी दिली होती कीं, आपण एका विद्यापीठांत धर्मशास्त्राचे प्राध्यापक असून धर्मशास्त्रांतील डॉक्टर ही पदवी व कॅनन लॉ म्हणजे चर्चच्या कायद्याची पदवी या दोन्ही आपणांस मिळालेल्या आहेत. कॅथलिक पंथाच्या बाबतींत वाद निघाला असतां त्यानें या पदव्यांचा हवाला देऊन आपलें म्हणणें पुढें रेटलें होतें. 'न्यू यॉर्कर' या प्रख्यात साप्ताहिकानें २००६ च्या जुलैमध्यें ही ओळख जशीच्या तशी छापली. २००७ च्या आरंभीं उघड झालें कीं, हा चोवीस वर्षांचा तरुण असून त्याच्यापाशीं त्यांतील एकहि पदवी नाहीं. त्याला पद सोडावें लागलें. त्याचें नांव येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, विकिपीडियावर पदवी लागतच नाहीं. तेथें पुस्तक दाखवावें, पान दाखवावें, म्हणजे शेतकरी आणि प्राध्यापक यांचा शब्द सारखाच. म्हणजे ज्या सभेंत साध्या माणसाला साधेपणानें बसावयास जागा होती, तेथेंच त्यानें उसना अंगरखा चढविला. त्याचें खरें काम पुष्कळ होतें, परंतु तें सारें त्या अंगरख्याखालीं झांकून गेलें.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढतील कीं, टोपणनांव घेणें हीच लबाडी. आम्ही याशीं सहमत नाहीं. गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत जीं शतपत्रें लिहिलीं, तीं 'लोकहितवादी' या नांवानें लिहिलीं. त्यांना कोणी लबाड म्हणत नाहीं. टोपणनांव एक असावें, त्याच्या आडून दुसऱ्याची निंदा करूं नये, आणि नसलेली योग्यता मिरवूं नये, एवढें पाळलें म्हणजे पुरे. लबाडी होते ती एकानेंच पांच नांवें घेऊन आपल्याच म्हणण्याला पांच अनुमोदनें देण्यांत. किंवा पैसे घेऊन एखाद्या दुकानदाराची स्तुति लिहावी व पैसे घेतले हें सांगूं नये, यांत. २०१३ सालीं इंग्रजी विकिपीडियावर अशा संशयावरून २५० हून अधिक खातीं बंद करावीं लागलीं. आणि जून २०१४ पासून तेथें नियमच झाला कीं, जो मोबदला घेऊन लिहितो त्यानें तो कोणाकडून घेतला हें जाहीर करावें. मोबदला घेणें गुन्हा नाहीं, लपविणें गुन्हा आहे. आमच्याकडील समूहांत जागेचे दलाल, शिकवण्या चालविणारे व औषधें विकणारे सज्जन 'सहज सांगतो' म्हणून जें सांगतात, तें या कसोटीस लावून पाहावें.

आतां आपण दूरदेश सोडून जवळ येऊं. विकिपीडियावर खोटें घडलें तरी तें उघड्यावर घडतें, व इतिहासाच्या पानावर त्याचा माग राहतो. मोबाइलवरील समूहांचें तसें नाहीं. व्हॉट्सॲपवरील मजकूर एप्रिल २०१६ पासून अशा कुलुपांत जातो कीं, पाठविणारा व घेणारा यांशिवाय कोणालाहि, त्या कंपनीलासुद्धां, तो वाचतां येत नाहीं. खाजगी बोलण्याच्या दृष्टीनें ही व्यवस्था उत्तम आहे व ती असावी असेंच आमचें मत आहे. परंतु याचा अर्थ असा कीं, तेथें चौकीदार नाहीं. ज्याच्या हातीं मजकूर पडला तोच चौकीदार.

१ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा गांवीं आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पांच पुरुष, बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील, भिक्षा मागत तेथें आले. त्या दिवसांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत असा मजकूर मोबाइलवरून त्या भागांत पसरलेला होता. त्यांच्यापैकीं एकजण एका मुलीशीं बोलला, एवढ्यावरून संशय आला, जमाव जमला, आणि त्या पांचांना ग्रामपंचायतीच्या खोलींत मरेपर्यंत मारण्यांत आलें. त्या वर्षीं अशाच अफवांनीं देशाच्या पुष्कळ भागांत माणसें मेलीं. तेव्हां जी एक चित्रफीत वारंवार फिरत होती तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मोटरसायकलवरील दोघेजण रस्त्यावर खेळणारें एक मूल उचलून नेतात, असें तींत दिसे. ही फीत कराचींतील मुलांच्या सुरक्षिततेसाठीं झटणाऱ्या एका संस्थेनें, आईबापांनीं सावध राहावें म्हणून मुद्दाम तयार केली होती. मूळ फितींत ते मोटरसायकलवाले वळून परत येतात, मूल जागेवर सोडतात आणि एक फलक दाखवितात. कोणीं तरी हा शेवट कापून टाकला. म्हणजे एकहि चित्र बनावट नव्हतें. फक्त शेवट नव्हता.

आणि हें धुळ्याकडील भोळ्या लोकांत घडलें, असें म्हणून आम्हां पालघर जिल्ह्यांतील सुशिक्षितांस हात झटकतां येणार नाहींत. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदीच्या दिवसांत, आपल्याच जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा मोटारचालक यांना जमावानें ठार मारलें. तेहि चोर आल्याच्या अफवांचेच दिवस होते. पुढें तर अफवेंतून घडलेल्या या हत्येवर दुसरी अफवा उभी राहिली. तिला जातीय रंग देणारा मजकूर देशभर फिरूं लागला, आणि अटक झालेल्या शंभराहून अधिक माणसांत एकहि मुसलमान नाहीं असें राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावें लागलें. मेलेल्यांच्या दुःखाचा असा उपयोग करणारे लोक त्या गांवापासून शेंकडों कोस दूर, आपापल्या घरीं कुलुपें लावून सुरक्षित बसलेले होते.

कंपनीनें कांहीं केलें नाहीं असें नव्हे. जुलै २०१८ मध्यें, पुढें धाडलेल्या मजकुरावर तसा शिक्का दिसूं लागला, आणि भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं तो धाडतां येऊं नये अशी मर्यादा घालण्यांत आली. २०१९ च्या जानेवारींत ती सर्व जगाला लागू झाली. आणि एप्रिल २०२० पासून, जो मजकूर फारच हातांतून गेला आहे तो एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येतो. या मर्यादेवर मात करण्यासाठीं मजकूर नकलून नव्यानें चिकटविणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. असें करण्यासाठीं जितका वेळ लागतो, तितक्यांत तो मजकूर खरा कीं खोटा याची चौकशी सहज झाली असती. २०२३ च्या मार्चमध्यें पोप फ्रान्सिस यांचें पांढऱ्या फुगीर कोटांतील चित्र जगभर फिरलें व भल्याभल्यांनीं तें खरें मानलें. तें यंत्राकडून काढविलेलें होतें. तेव्हां डोळ्यांनीं पाहिलें, एवढी साक्षहि आतां पुरेशी राहिलेली नाहीं.

लहानसहान गोष्टींतहि कोणाचें तरी काळीज गुंतलेलें असतें. मरणाच्या बातमीचें पाहा. आमच्या भागांतील कित्येक घरांतील मुलेंमुली आखाती देशांत नोकरीस आहेत. बाप इकडे रुग्णालयांत वारतो, घरचीं माणसें अद्यापि कागदांवर सह्या करीत असतात, आणि तेवढ्यांत कोणी तत्पर शेजारी समूहांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळा होतो. कामाच्या जागीं, चारचौघांत, त्या मुलाला ती बातमी पडद्यावर वाचावी लागते. असें घडलेलें आम्हांस माहीत आहे. घरच्यांनीं सांगितल्याशिवाय ही बातमी कोणीं देऊं नये, हा नियम आपल्या धर्मग्रामाच्या समूहानें तरी आजपासून करावा, अशी आमची सूचना आहे. रक्ताच्या मागणीचेंहि तसेंच. तारीख नाहीं, रुग्णालयाचें नांव अर्धवट, आणि रोगी बरा होऊन घरीं गेला तरी त्याच्या नातलगांस परक्या गांवांहून फोन येतच राहतात. मागणी करणाऱ्यानें तारीख घालावी; गरज भागली कीं जेथें मागणी केली तेथेंच तसें लिहावें; आणि पुढें पाठविणाऱ्यानें अगोदर एकदां त्या क्रमांकावर विचारून पाहावें.

शेवटचा प्रश्न राहिला तो वडीलधाऱ्यांचा. तरुण मंडळी आम्हांस विचारतात कीं, काकांनीं किंवा मामींनीं समूहांत खोटा मजकूर टाकला तर काय करावें? गप्प बसावें तर खोटें पसरतें, बोलावें तर उद्धटपणा होतो. आमचें मत असें आहे कीं, मजकूर निरुपद्रवी असेल, पु. लं.चें म्हणून भलत्याचेंच वाक्य असेल, तर त्यांना एकट्यांना नम्रपणें कळवावें. चारचौघांत त्यांची चूक काढण्यांत साहित्याची सेवा थोडी व आपली मिरवणूक अधिक होते. परंतु मजकुरामुळें एखाद्या माणसाच्या अब्रूला, जिवाला किंवा एखाद्या समाजाला धोका पोंचत असेल, किंवा चालूं असलेलें औषध बंद करा असें तो सांगत असेल, तर तेथल्या तेथें, सर्वांसमक्ष, आणि काका हें संबोधन न सोडतां सांगावें कीं, "काका, हें खरें नाहीं, ही खरी हकीकत." आणि काकांनीं काय करावें? नुसतें पुसून टाकणें पुरत नाहीं. आपला मजकूर काढून टाकला तरी दुसऱ्यांनीं जो पुढें धाडला तो तसाच राहतो. म्हणून जेथें खोटें टाकलें त्याच ठिकाणीं 'तें चूक होतें' अशी एक ओळ टाकावी. आपल्या समूहांत अशी ओळ लिहिणारे एक वृद्ध शिक्षक आहेत. त्यांच्याविषयींचा लोकांचा आदर त्यामुळें कमी झाल्याचें आम्हांस दिसलें नाहीं.

शेजारच्या खोलींत दोन संगणक मांडून ठेवले आहेत व दोघी विद्यार्थिनी तेथें सायंकाळपर्यंत बसणार आहेत. मराठी विकिपीडियावर आपल्या पंचक्रोशींतील गांवांचीं जीं पानें आहेत, त्यांतील पुष्कळ दोनचार ओळींपलीकडे गेलेलीं नाहींत. ज्यांच्यापाशीं जुनीं छापील पुस्तकें, गॅझेटियर किंवा शाळांच्या स्मरणिका असतील त्यांनीं त्या घेऊन याव्या. पहिला हात धूळपाटीवर चालवावा; तेथें चुकलें तर पुसतां येतें.